टेल नावाचे शेपूट

पुस्तकाचे परीक्षण लिहायचे तर निदान प्रस्तावना आणि मलपृष्ठ वाचावे लागते. नाटकाचे लिहायचे तर पहिला अंक संपेपर्यंत जागे राहावे लागते. शब्दाच्या परीक्षणाला यातले काहीच लागत नाही, तरीही ते कुणी लिहीत नाही. जे रोज तोंडात असते त्याची तपासणी फक्त दाताचा डॉक्टर करतो, बाकीच्यांना ती सुचत नाही. म्हणून आज मी एक इंग्रजी शब्द परीक्षणाला घेतला आहे. शब्द आहे ‘टेल’. इंग्रजीत चार अक्षरे, मराठीत दोन, अर्थ शेपूट.

शेपटासाठी मराठीने इंग्रजीच्या दारात कशाला जावे, असे तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. शेपटाच्या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. आपल्याकडे कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते. प्रसंग पाहून शेपूट घालता येते, दुसऱ्याच्या शेपटावर पाय देता येतो, आणि हत्ती गेला तरी ते मागे उरते. शहरातल्या माणसाला ‘टेल’ भेटतो तो फार तर दोन ठिकाणी. एक मोटारीच्या मागच्या लाल दिव्यात आणि दुसरा क्रिकेटच्या धावत्या वर्णनात. तिथे टेल म्हणजे शेवटचे तीन-चार गडी, ज्यांच्याकडून कुणी धावांची अपेक्षा करत नाही आणि ज्यांनी चुकून वीस धावा काढल्या तर शेपूट वळवळले म्हणून कौतुक होते. ‘अपेक्षा करत नाही’ हे शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पण पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघा, पाटसला उजवीकडे वळा, बारामतीत चहा घ्या आणि तिथून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असे करत इंदापूरकडे चला. दर दहा मैलांना हा शब्द जड होत जातो. बारामतीत तो नुसती माहिती असते. भवानीनगरला ती काळजी होते. निमगावच्या पानमळ्यांपलीकडे गेलात की तो पत्ता होतो. ‘कुठलं गाव?’ विचारले तर गावाचे नाव सांगून माणूस पुढे जोडतो, ‘टेलला हाय.’

माझी सासुरवाडी या पत्त्यावर आहे. लग्न ठरवायला आमचे थोरले बंधू पुण्याहून गेले होते. बैठकीत सासरे म्हणाले, “आम्ही टेलची माणसं. जे हाय त्ये सांगून मोकळं.” बंधूंनी घरी येऊन आईला सांगितले, “स्थळ चांगलं आहे. तेलाचा घाणा आहे.” आईने दिवाळीपर्यंत घाण्याच्या तेलाची वाट पाहिली.

हा टेल आहे नीरा डाव्या कालव्याचा. १८७६-७७ च्या दुष्काळाने माणसे आणि जनावरे रस्त्यावर आणल्यावर इंग्रज सरकारला पाटबंधाऱ्यांची निकड पटली आणि १८८५ साली हा कालवा वाहू लागला. वर भाटघरचे धरण बांधले गेले. आज दिसते ते मोठे धरण नंतरचे, १९२७-२८ चे. पुरंदर तालुक्यात वीरजवळ निघालेला हा कालवा बारामती तालुका ओलांडून शंभरएक मैलांनी इंदापूर तालुक्यात दमून बसतो. जिथे निघतो ते त्याचे हेड, जिथे बसतो तो टेल.

इंग्रजी शब्दांची सवय इंदापूरला त्याच्याही आधीपासून आहे. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी जमीनमोजणीची आणि साऱ्याची आपली पद्धत पहिल्यांदा लावली ती याच तालुक्यात. पुढे साऱ्या मुंबई इलाख्याच्या सातबाऱ्यावर जाऊन बसलेला ‘सर्व्हे नंबर’ अशा रीतीने मूळचा इंदापूरकर आहे. तेव्हा भाषाशुद्धीची मोहीम घेऊन कुणी त्या बाजूला जाणार असेल तर त्याने आधी आपल्या जमिनीचा उतारा घरी ठेवून जावे.

आता शब्दाचा संसार पाहू. मराठीने इंग्रजीतून ‘हेड’ अगदी हौसेने घेतला आहे. हेडमास्तर आहेत, हेडक्लार्क आहेत, हेडकॉन्स्टेबल आहेत, हेडऑफिस आहे. पण टेलमास्तर कुणी ऐकलाय? टेलक्लार्क? प्रत्येक कचेरीत तो असतो, सगळ्यांचा चहा तोच सांगतो, पण त्याला हुद्दा नाही. डोके उसने घेऊन शेपूट परत करायचे असाच आपला व्यवहार राहिला. एकटा कालव्याचा शेतकरी असा प्रामाणिक निघाला की त्याने दोन्ही टोके घेतली. शिवाय हेडचा आणखी एक अर्थ त्याला ठाऊक असतो, जो आपल्या हेडमास्तरांनाही ठाऊक नसतो. पंपाच्या दुकानात गेले की दुकानदार आधी विचारतो, “हेड किती?” म्हणजे पाणी किती उंच चढवायचे आहे? आमच्या मेहुण्याने एकदा उत्तर दिले, “हेड लई हाय, पर त्याच्याकडनं पानी खाली येत न्हाई. आमाला वर चढवायचा पंप नगं, खाली उतरवायचा असला तर दावा.”

बोलण्यात हा शब्द कसा वागतो तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत त्याच्यामागे ‘एंड’ वगैरे जोडावे लागते. इथे नुसता ‘टेल’ पुरतो. टेलला पाणी आलं. टेलची पाळी. टेलचा ऊस, म्हणजे वीतभर कांडीचा. सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे मुली बघतानाही हा शब्द निघे. स्थळ हेडचे की टेलचे, हे कुंडलीच्या आधी बघत. मंगळ असला तर शांत करता येतो. टेलला शांत नाही करता येत.

शब्दाचे मूळ शोधू जाता जुन्या इंग्रजीत ‘टेगल’सारखा उच्चार असलेला शब्द सापडतो. त्याच्या नात्यातला गॉथिक भाषेतला शब्द तर केस या अर्थाचा आहे. म्हणजे मुळात हे घोड्याच्या शेपटाचे केस असावेत. इथपर्यंत सरळ आहे. गंमत पुढे आहे. इंग्रजीत याच उच्चाराचा, याच अक्षरांचा आणखी एक ‘टेल’ आहे आणि त्याचा शेपटाशी काडीचा संबंध नाही. तो फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ ‘कापणे’. कापड कापतो तो टेलर याच घरचा. तुकडे तुकडे करून विकणारा रिटेल याच घरचा. बारीक कातरलेला डिटेलही तिथलाच. कायद्यात हा ‘टेल’ म्हणजे जमिनीचा असा हक्क, की जो ठरावीक वारसालाच मिळेल आणि बाकीच्यांचा कापला जाईल. एक टेल शेपटाचा आणि एक टेल कपातीचा. कोशात त्यांची घरे वेगळी आहेत, पण नीरा डाव्या कालव्यावर दोघे एकाच खोलीत राहतात. पाण्याची कपात जाहीर झाली की कोणता टेल कुठला हे ओळखू येत नाही.

शेपटाने युरोपात बरीच वळवळ केली आहे. रांगेला इंग्रजीत ‘क्यू’ म्हणतात, तो फ्रेंच शब्द म्हणजे शेपूट. म्हणजे रेशनच्या दुकानापुढे आपण तासन्‌तास उभे राहायचो ते शेपटाचे केस म्हणूनच. भेकडाला ‘कॉवर्ड’ म्हणतात त्यात लॅटिन शेपूट लपले आहे, साहजिकच दोन पायांच्या मध्ये. आणि शाळेची पेन्सिल मुळात ‘इवलीशी शेपटी’. चित्रकाराचा केसाळ कुंचला तो. एवढे सगळे शेपटातून निघाले, पण पाणी काही निघाले नाही.

इथून माझ्या परीक्षणातला प्रतिकूल भाग सुरू होतो. कालव्याला डोके आणि शेपूट ज्याने पहिल्यांदा बहाल केले तो इंजिनियर हिशेबात पक्का असेल, पण त्याने जनावर नीट पाहिलेले नव्हते. बैल तोंडाने पाणी पितो आणि ते शेपटाच्या टोकापर्यंत पोचते. त्यासाठी शेपटाला अर्ज करावा लागत नाही, सातबारा जोडावा लागत नाही, की डोक्याच्या बंगल्यावर खेटे घालावे लागत नाहीत. उलट अंगावर माशी बसली की डोके काही करू शकत नाही, शेपूटच धावून येते. कुत्र्याला आनंद झाला की तो पहिल्यांदा कळतो तो शेपटाला. जनावराच्या अंगात शेपटाची अशी वट असते. कालव्याच्या अंगात मात्र तोंड पाणी पिते, पोट फुगते आणि शेपूट वाळते.

पोट फुगते हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. कालव्याला पंचवीस वर्षे व्हायच्या आत वरच्या अंगाच्या काही जमिनी अति पाण्याने उपळू लागल्या, क्षार वर येऊन पांढऱ्या पडल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या हॅरल्ड मान साहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९१० साली नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच लिहिली. म्हणजे एकाच कालव्याच्या एका टोकाला जमीन पाण्याने मरत होती आणि दुसऱ्या टोकाला पाण्यावाचून. वैद्याकडे असा रोगी गेला असता तर त्याने शेपटाला औषध दिले नसते, आधी डोक्याचे पथ्य सांगितले असते.

आणि या शब्दाने सर्वांत मोठे नुकसान केले ते वेगळेच. क्रिकेटमधल्या त्या शेवटच्या गड्यांसारखी ‘अपेक्षा करत नाही’ ही वृत्ती त्याने कालव्यावर आणून सोडली. एका कचेरीत मी मेहुण्याबरोबर गेलो होतो. कचेरीचे नाव सांगत नाही. पंखा फिरत होता आणि फायली उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवले होते, एवढी खूण पुरे. पाळी होऊन गेली होती आणि आमच्या चारीला पाणी आले नव्हते. खुर्चीतले गृहस्थ चांगले होते. चहा मागवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो, टेल म्हटल्यावर असं व्हायचंच. टेलला कमीच पोचतं.” जसे काही म्हातारपण म्हटल्यावर गुडघे दुखायचेच.

मेहुण्याने बशीतला चहा संपवला आणि विचारले, “सायेब, पानी उताराकडं जातं का चढाकडं?”

“उताराकडं.”

“मग टेल उताराला हाय का हेड?”

गृहस्थांनी दुसरा चहा मागवला.

मेहुण्याच्या त्या प्रश्नाइतके चांगले परीक्षण या शब्दाचे दुसरे झालेले नाही. पाण्याचा स्वभावच टेलकडे जाण्याचा आहे. कालवा तसाच खणलेला असतो, दर मैलाला थोडा थोडा उतार देऊन. पाण्याला एकटे सोडले तर ते निमूटपणे टेलला येईल. त्याला वाटेत थांबवायला कष्ट पडतात. रात्री उठावे लागते, कालव्यात पाइप सोडावे लागतात, दारे ठरल्यापेक्षा वीतभर जास्त उचलावी लागतात, उसाचे क्षेत्र मंजुरीपेक्षा वाढवावे लागते आणि हे सगळे ज्यांना दिसते त्यांना ते दिसू नये याचीही तजवीज ठेवावी लागते. काही पाणी मुरते, काही उन्हाने उडते, हे खरे. पण सूर्य काही एकट्या टेलवर उगवत नाही. इतकी मेहनत करून माणसांनी जे घडवून आणले त्याला शेपूट हे नाव दिले, की ते देवाने घडवल्यासारखे दिसू लागते. हत्तीचे शेपूट बारीक का, असे कोण कुणाला विचारणार?

सरकारने मराठीकरण केले तेव्हा हे सुधारायची संधी होती. पण मराठीकरण करणारांनी कोश उघडला आणि टेलच्या जागी छापले ‘पुच्छ’. २००५ साली पाणीवापर संस्थांचा कायदा झाला. हेतू उत्तम. संस्थेच्या कारभारात वरच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही भागांतल्या शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व ठेवले. इतक्या वर्षांत कायद्याने टेलला खुर्ची दिली ती अशी. पण खुर्चीवरची पाटी वाचा: ‘पुच्छ भाग’. ज्याला पाणी मिळत नव्हते त्याला निदान पुच्छ मिळाले. आमच्या सासऱ्यांनी ती पाटी एकदाच वाचून घेतली आणि म्हणाले, “टेल म्हनत हुते तवा बरं हुतं. समजत तरी नव्हतं.”

पुच्छ लिहिणाराला संस्कृत येत असणार, पण त्याला ऐतरेय ब्राह्मणातली गोष्ट आठवलेली दिसत नाही. हरिश्चंद्र राजाने वरुणाला, म्हणजे खुद्द पाण्याच्या देवाला, आपला मुलगा बळी द्यायचे कबूल केले होते. वेळ आली तेव्हा त्याने टोलवाटोलवी सुरू केली आणि राजाला जलोदर झाला. मग बदली बळी शोधता शोधता अजीगर्त नावाचा भुकेला ब्राह्मण सापडला. त्याला तीन मुलगे: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ एकच, कुत्र्याचे शेपूट. थोरल्याला बाप सोडीना, धाकट्याला आई सोडीना. मधला शंभर गाईंना विकला गेला आणि यूपाला बांधला गेला. त्याच्या नावातला ‘शेप’ म्हणजेच आपल्या शेपटाचा पूर्वज. पाण्याच्या देवापुढे शेपटालाच बांधायचे, ही चाल इतकी जुनी आहे. त्यातही पोट फुगले होते राजाचे. शुनःशेप सुटला तो देवांची सूक्ते म्हणून. आमच्याकडे सूक्तांऐवजी निवेदने देतात.

तर मग टेलला पर्याय काय? पर्याय कोशात शोधायची गरज नव्हती, बांधावर होता. शेजपाळी. शेजाऱ्याची पाळी संपली की माझी, माझी संपली की पुढच्या शेजाऱ्याची. या शब्दात डोके नाही आणि शेपूटही नाही, नुसते शेजारी आहेत. आणि चारीवरची शेजपाळी नियमाने सुरू करायची असते ती शेवटच्या शेतापासून, मग सरकत सरकत वर यायचे. ज्याने ही रीत बसवली त्याला शेजारी म्हणजे काय ते पक्के ठाऊक होते. पाणी फार गावांना वाटून पोचावे हा विचार साहेबाच्या अमदानीतही झाला नाही असे नाही. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते तेव्हा त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत काढली ती याच हेतूने. पुण्यात ब्लॉक म्हणजे दोन खोल्या आणि एक भांडकुदळ मालक. कालव्यावर ब्लॉक म्हणजे पाण्याच्या मंजुरीचे ठरावीक क्षेत्र. तो शब्द आला आणि राहिला. हेतू मात्र वाटेतच कुणाच्या तरी उसात मुरला.

इंदापूरची खरी थट्टा तर नकाशा करतो. तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा. दोघींचा संगम होतो तोही याच तालुक्यात, नरसिंहपूरला, जिथे पुणे जिल्ह्याचा नकाशा निमुळता होत संपतो. दोन नद्यांच्या मिठीत बसलेल्या या तालुक्याला नीरा डाव्या कालव्याचा टेल आहेच, शिवाय खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याचाही टेल इथेच आहे. आणि १९८० साली उजनीचे धरण झाले त्याचे पाणी फुगले ते याच तालुक्याच्या अंगणात. गावे उठली, पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते आणि लोक बघायला जातात. म्हणजे दोन शेपटे आणि एक बुडालेले अंगण. सासरे म्हणत, “देवाचं देऊळ पान्यात आनि भक्ताचं शेत कोरडं. देवानं तरी कुठं बघायचं?”

हे सगळे लिहूनही, शब्द बाद करा असे मी म्हणणार नाही. पुच्छ बाद करा, तो जन्मतःच मेलेला आहे. टेल राहू द्या. त्या बाजूच्या माणसांनी त्याला इतके वापरले आहे की तो आता साहेबाचा राहिलेला नाही. ‘टेल टू हेड’ हे शब्द सरकारी घोषणेत येतात, म्हणजे आधी टेलला पाणी द्यायचे आणि मग वर यायचे. कागदावर शेजपाळीचीच ही इंग्रजी आवृत्ती. कालव्यावर ही घोषणा किती पाळली जाते हे पाणी सुटले की मेहुण्याला विचारा. तो फोनवर एकच शब्द सांगतो आणि तो छापता येत नाही.

पण कालव्याबाहेर ती पाळली जाते. गेल्या वर्षी धाकट्या मेहुणीच्या मुलीचे लग्न झाले. मांडव रस्त्यापासून थेट ओढ्यापर्यंत, पंगत तेवढीच लांब. रस्त्याच्या तोंडाला वरपक्षाची मानाची मंडळी, बारामतीकडची, फेटे बांधून. ओढ्याच्या बाजूला पोरेसोरे, ऊसतोडीचे गडी आणि त्यांच्या बायका. जिलबीची ताटे घेऊन वाढपी मानाच्या पानांकडे वळले तोच सासरे काठी टेकत उठले आणि ऐंशीच्या वर वय झालेल्या माणसाच्या गळ्यातून येणार नाही असा आवाज निघाला:

“टेलपास्नं वाढा रं!”

वाढपी क्षणभर थबकले आणि ताटे घेऊन ओढ्याकडे धावले. जिलबी हेडला कमी पडली. व्याह्यांनी मठ्ठा दोनदा घेतला.